दुसऱ्या यादीतल्या चांदण्या

त्या गुरुवारी मी तळघरात उतरलो तो फक्त एक रजिस्टर आणायला. एवढंच काम होतं. रजिस्टर उचलायचं, सरांच्या टेबलावर ठेवायचं आणि घरी जाऊन आडवं व्हायचं. दुपारचे अडीच वाजले होते. वेळ मुद्दाम सांगतोय, कारण असल्या गोष्टी रात्रीच घडतात अशी लोकांची समजूत असते. आमच्या तळघराला रात्रही नाही आणि दुपारही नाही. खिडक्यांना आतून काळा कागद, दाराला जाड पडदा, आणि उजेड असतो तो मायक्रोस्कोपच्या दिव्याचा. बाहेर डोकं फुटेल असं ऊन असलं तरी आत टेबलावर तीच पिवळी चकती.

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात थीसिस करता करता तेव्हा मला आठ वर्षं झाली होती. आठ! इतकी वर्षं एका जागी काढली की माणूस विद्यार्थी राहत नाही, फर्निचर होतो. मागून आलेली पोरं मला 'स्थावर' म्हणायची. स्थावर मालमत्तेतला स्थावर. दादाची मुलगी कॉलेजात जायला लागली तेव्हा दादा म्हणाला, "बरं झालं, आता काका-पुतणी एकदमच पास व्हा." वहिनीनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी हसलो, जेवलो, आणि मग पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडलो. आठ वर्षं त्या दोघांनी मला सांभाळलं होतं आणि एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. तेच जास्त लागायचं.

विद्यापीठाचं पत्र आलं होतं. तिसरी मुदतवाढ, आणि ही शेवटची. तीस तारखेपर्यंत थीसिस आला नाही तर नाव कमी. त्या गुरुवारी तारीख होती सव्वीस.

आता अडलं कुठे होतं, ते सांगतो. आमचं काम सांगायला सोपं आहे. काचेच्या प्लेटवर फोटोच्या फिल्मसारखा पण चांगला जाड थर असतो. ती प्लेट कणांच्या झोतापुढे ठेवायची आणि मग धुवायची. कण जिथून गेला तिथे काळ्या ठिपक्यांची रेघ उमटते. एखादा कण थरातल्या अणूवर नेमका आपटला तर अणू फुटतो, आणि एका बिंदूतून चार-पाच रेघा बाहेर पडलेल्या दिसतात. तिला आम्ही चांदणी म्हणतो. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये अशा पाच-सहा चांदण्या. मायक्रोस्कोपखाली प्लेट केसभर सरकवत त्या शोधायच्या, दिवसच्या दिवस. सापडली की तिचे तीन आकडे लिहायचे: आडवी किती, उभी किती, खोल किती.

माणूस आहे, कंटाळतो, डुलकी लागते, चांदणी निसटते. म्हणून एकच प्लेट दोघांनी बघायची. एकमेकांना न विचारता, एकमेकांची यादी न पाहता. आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम हाच. मग दोन याद्या शेजारी ठेवायच्या. समजा, एका पुस्तकातल्या छपाईच्या चुका आपण दोघांनी शोधल्या. तुम्हाला वीस सापडल्या, मला वीस, त्यातल्या सोळा दोघांच्याही सारख्या. तर हिशोबानं पुस्तकात एकूण पंचवीस चुका असणार. आपण दोघांनी मिळून पाहिल्या चोवीस. म्हणजे एक चूक अशी आहे, जी दोघांनीही पाहिलेली नाही. पण ती आहे! पहिल्या वर्षी सरांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मला केवढी गंमत वाटली होती. कुणीच न पाहिलेली गोष्टसुद्धा मोजता येते म्हणून मी घरी जाऊन आईलासुद्धा सांगितलं. आता त्यात मला काही गंमत वाटत नाही.

माझ्या प्लेटांची दुसरी यादी काकू करायच्या. सगळ्या विभागाच्या त्या काकू. तीस वर्षं त्याच खुर्चीत, त्याच मायक्रोस्कोपपुढे. शिक्षण बेताचं, पण नजर अशी की सर म्हणायचे, काकूंची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला न दिसलेल्या चांदण्या त्यांना हमखास सापडायच्या. जिथे दोन याद्या जुळत नाहीत तिथे सरांनी स्वतः बघून निवाडा करायचा असतो. काकूंच्या बाबतीत सरांनी ते कधीच सोडून दिलं होतं, कारण तीस वर्षांत त्यांची एकही नोंद खोटी निघाली नव्हती. त्यांचे डोळे एकमेकांच्या फार जवळ होते, त्यामुळे मायक्रोस्कोपच्या दोन नळ्या त्या अगदी चिकटवून ठेवायच्या. कपाळाला बाम लावायच्या आणि काम करताना आकडे तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या. मधेच मला म्हणायच्या, "जेवलास का रे? चेहरा बघ कसा झालाय." माझा जीव होता त्यांच्यावर.

महिन्याच्या सुरुवातीला काकू गेल्या. झोपेतच. माझ्या चाळीस प्लेटांपैकी एकतीस झाल्या होत्या. नऊ राहिल्या.

"नवा माणूस तयार करायला सहा महिने लागतात रे," सर म्हणाले. त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं, तेही थकलेले.

"मग एकतिसावरच थांबलो तर?"

"प्लेटांचा गठ्ठा एकच आहे, सगळ्या एकदमच झोतापुढे ठेवलेल्या. मधेच तोडून कसं चालेल? परीक्षक पहिल्या पानावरच अडवतील." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ते रजिस्टर तरी घेऊन ये वर. बघू."

बघू म्हणजे काही होणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तर मी खाली गेलो. वर बाहेरून आलेल्या कुणा मोठ्या प्राध्यापकाचं व्याख्यान होतं, नंतर चहा-बिस्किटं होती, त्यामुळे झाडून सगळा विभाग तिकडे. तळघरात कुणी नव्हतं. काकूंच्या टेबलावर रजिस्टर उघडंच होतं. एकतिसावी प्लेट, शेवटची नोंद, आणि खाली कोऱ्या ओळी. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. उभं राहायचा कंटाळा आला होता, एवढंच कारण. दिवा लावला. खिशात पेन होतं.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या नऊ प्लेटांत मला अठ्ठेचाळीस चांदण्या सापडल्या होत्या. त्यातल्या सहा मी गाळल्या, काकूंच्याही नजरेतून काही सुटायच्याच. उरलेल्या बेचाळीस त्यांच्या रजिस्टरात उतरवल्या, शेवटचा आकडा जरा इकडेतिकडे करून, कारण दोन माणसांची मापं कधी तंतोतंत जुळत नाहीत. राहिल्या त्या मला न दिसलेल्या, फक्त काकूंना दिसणाऱ्या. त्या कुठून आणू? त्या सात मी मनानंच रचल्या. बत्तिसावीत एक, तेहतिसावीत एक, सदतिसावीत दोन... सुचेल तसे आकडे. अक्षर काकूंसारखं थोडं उतरतं काढलं. मला वाटलं होतं हात अडखळेल, थोडा तरी थरथरेल. तो सराईतासारखा चालत होता. मेलेल्या बाईच्या नावावर मी खोटं लिहीत होतो आणि मला फक्त झोप येत होती.

मग सवयीनं हिशोब मांडला. माझ्या अठ्ठेचाळीस, काकूंच्या एकोणपन्नास, सारख्या बेचाळीस. एकूण आल्या छप्पन्न. दोघांनी मिळून पाहिलेल्या पंचावन्न. एक उरली, कुणीच न पाहिलेली. मी एकटाच हसलो. खोट्याच्या हिशोबातूनसुद्धा एक न दिसलेली बाहेर पडली होती!

तेवढ्यात परीक्षकाची आठवण झाली. परीक्षक आला की यादीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, ही दाखवा. त्यानं नेमकं त्या सातांतल्या एकीवर बोट ठेवलं तर? तिथे निदान दोन रेघा एकमेकींवरून गेलेल्या असल्या तर वेळ मारून नेता येईल. बघून घ्यावं म्हटलं. नळ्या माझ्या डोळ्यांच्या अंतराला ओढून घेतल्या, तेहतिसावी प्लेट लावली, मी रचलेल्या आकड्यांवर आणली आणि वाकलो.

तिथे चांदणी होती.

पाच रेघा, स्वच्छ, बरोबर मधोमध. मी म्हटलं, योगायोग. थकलेल्या माणसाला असं काहीही दिसतं. बत्तिसावी लावली. होती. सदतिसावीतली पहिली... होती. दुसरीही होती. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. अहो, मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तो मोहरीच्या दाण्याहून लहान तुकडा. अख्ख्या प्लेटवर पाच-सहा चांदण्या. डोळे मिटून कुठेही बोट ठेवावं आणि ते नेमकं चांदणीवर पडावं, असं एकदा होईल. चार वेळा कसं होईल?

पाचवी बघताना बामाचा वास आला. टेबलावर डबी होती, तिचाच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. डबीचं झाकण बंद होतं. सहावी बघायला वाकलो तर दोन नळ्यांतून एक चित्र दिसेना, दोन वेगवेगळ्या चकत्या दिसायला लागल्या. नळ्या जवळ आल्या होत्या, अगदी एकमेकींना चिकटून. मी त्या परत ओढल्या. पण थांबता येईना. एक तरी नसावी, एक तरी खोटी निघावी, म्हणून मी बघत होतो.

सातवीला मी आकडे मोठ्यानं म्हणत होतो. केव्हापासून, माहीत नाही. काकूंसारखा पुटपुटत, आडवा, उभा, खोल... सातवी होती. मी तोंड मिटलं.

आकडे थांबले नाहीत.

आडवा... उभा... खोल... हळू आवाजात, माझ्या उजव्या कानाशी. तीनच आकडे. एक चांदणी. मग शांत झालं. दिव्याचा ट्रान्सफॉर्मर तेवढा गुणगुणत होता.

मी रजिस्टर छातीशी धरून जिना चढलो आणि थेट उन्हात जाऊन उभा राहिलो. घाम आला तेव्हा बरं वाटलं. त्या आठव्या चांदणीचे तीन आकडे मी कुठेही लिहिले नाहीत. अजून पाठ आहेत. त्या जागी मी कधी बघितलेलं नाही.

रात्रभर मी स्वतःची समजूत घालत होतो. काकूंनी त्या नऊ प्लेटा आधीच पाहून कुठे तरी कच्ची चिठ्ठी केली असेल, ती कधी तरी माझ्या नजरेखालून गेली असेल, आणि तेच आकडे डोक्यात राहिले असतील. माणसाचं डोकं काय, काहीही साठवून ठेवतं. सकाळी त्यांच्या ड्रॉवरमधला चष्मा, स्वेटर आणि ती डबी पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीनं दार उघडलं. मी वस्तू दिल्या आणि विचारलं, "काकू कामाचे काही कागद घरी आणायच्या का हो? चिठ्ठ्या वगैरे?"

"कागद?" ती म्हणाली. मग तिनं आतलं दार लोटून घेतलं. "तुम्हाला म्हणून सांगते. सरांच्या कानावर घालू नका... आईला दोन वर्षं काही दिसत नव्हतं."

"म्हणजे?"

"दिसत नव्हतं म्हणजे दिसत नव्हतं. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. नोकरी जाईल म्हणून बोलली नाही. मी तिला फाटकापर्यंत सोडायचे, तिथून शिपाईमामा खाली न्यायचे." तिनं चष्मा हातात फिरवला. "मला तुम्ही सांगा, ती तिथे दिवसभर करायची काय हो?"

माझ्या एकतीस प्लेटा त्याच दोन वर्षांतल्या होत्या.

"मी एकदा विचारलं तिला," ती हळू आवाजात म्हणाली. "तर म्हणाली, बघायचं कशाला. आधी लिहायचं, मग ते तिथे असतंच. मी म्हटलं, आई, असं कसं असेल? तर रडायलाच लागली. म्हणाली, पहिल्यांदा खोटंच लिहिलं होतं गं... तू लहान होतीस, तापानं फणफणली होतीस, घरी पळायचं होतं."

मी निघालो. चहा टाकते म्हणत होती, नको म्हटलं.

सरांच्या खोलीच्या दारात त्या दिवशी मी पंधरा मिनिटं उभा होतो. सांगितलं तर नुसत्या माझ्या सात चांदण्या जात नव्हत्या. काकूंच्या एकतीस प्लेटा जात होत्या, त्या दोन वर्षांत पास झालेल्या आणखी दोघांचे थीसिस जात होते, सरांचं शेवटचं वर्ष मातीत जात होतं. आणि सांगणार तरी काय? की मी खोटं लिहिलं आणि ते खरं निघालं? सरांनी मान वर केली, रजिस्टर उघडलं, पानं चाळली. "अरे! या माउलीनं करून ठेवल्या होत्या की! आपण उगाच..." त्यांनी सही केली. "सुटलास बाबा," म्हणाले. तीस तारखेला थीसिस जमा झाला.

परीक्षकानं तोंडी परीक्षेत बोट ठेवलं ते सदतिसाव्या प्लेटमधल्या दुसऱ्या चांदणीवर. सातांतलीच. बघून खूश झाला. "वा! किती स्वच्छ! आणि ही तुम्हाला दिसली नव्हती?"

"नाही सर."

"त्या बाईंना दिसली. याला म्हणतात नजर!"

दादानं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. वहिनी रडली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो.

पुढे नोकरी कुठे मिळाली नाही. छत्तिसाव्या वर्षी कोण घेतं? सरांनी जाता जाता काकूंच्या जागेवर माझं नाव लावलं, तात्पुरतं म्हणून. त्या तात्पुरत्याला आता सोळा वर्षं झाली. पोरं मला 'काका' म्हणतात. विभागात काकूंनंतर काका आले म्हणून सुरुवातीला हसायची, आता काकू कुणाला आठवतही नाहीत.

मी दोन याद्या करतो. एक डोळ्यांनी बघून, इमानानं, मान मोडेपर्यंत. ती रजिस्टरात जाते. त्यात चांदण्या सुटतात, मी माणूस आहे. दुसरी मी आधीच लिहितो, प्लेटा काळ्या कागदात बंद असताना, झोतापुढे गेलेल्याही नसताना. ती पाकिटात घालून चिकटवतो आणि कपाटात ठेवतो. काम झालं की पाकीट फोडून तपासतो. चार विद्यार्थी झाले. दोनशे सोळा चांदण्या झाल्या. मला फक्त एक खोटी हवी आहे हो! एक खोटी निघाली की बाकीचा सगळा योगायोग म्हणता येईल, माझ्या त्या सातसुद्धा. मग मी खुर्ची सोडीन. घरी जाईन, दादाजवळ बसेन, काही न करता बसेन. पण निघत नाही. आणि रात्री डोक्यात एकच किडा वळवळतो. त्या चांदण्या तिथे असतात म्हणून मी लिहितो, की मी लिहितो म्हणून त्या होतात? दुसरं खरं असेल तर गेल्या सोळा वर्षांत, आणि काकूंच्या तीस वर्षांत, या विभागातून जगाला जे काही कळवलं गेलं, ते नेमकं काय होतं?

मागच्या आठवड्यात एक मुलगी प्लेटांचा डबा घेऊन खाली आली. तिची पहिली यादी झाली होती, आता दुसरी मी करायची. हुशार पोर, पण फार ओढलेली. आई हॉस्पिटलात, सकाळ तिथे आणि दुपार इथे. तिच्याही नावानं विद्यापीठाचं पत्र आलेलं. बारा प्लेटा. तिचं पाकीट मी तीन महिन्यांपूर्वीच चिकटवलं होतं.

का कोण जाणे, त्या दिवशी माझ्यात एकट्यानं तपासायचं बळ नव्हतं. "बस," म्हटलं. "माझी एक कच्ची यादी आहे. तू तुझे आकडे वाच, मी खुणा करतो." नियमाविरुद्ध होतं, पण सोळा वर्षांत मी एवढा कधी थकलो नव्हतो. एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला, बेरजेला. पाकीट फोडलं.

ती वाचत गेली. पहिली प्लेट, सगळ्या जुळल्या. दुसरी, तिसरी. माझी पेन्सिल खुणा करत होती. आठवीपर्यंत एकही सुटली नाही. मग ती थांबली.

"काका, नववी राहू दे."

"का?"

"नाही... ती मी परत बघणार आहे. त्यात चूक असेल."

चूक! अंगातून वीज गेली माझ्या. "असू दे चूक. वाच तू. वाच बाळ."

तिनं वाचलं. पाच चांदण्या. पंधरा आकडे. मी माझ्या यादीवर बोट फिरवत होतो आणि पहिल्याच ओळीला मला रडू फुटलं. पाचही होत्या. शेवटच्या आकड्यापर्यंत. दोन माणसांची मापं तंतोतंत जुळत नाहीत म्हणालो ना मी? ही जुळत होती.

"जुळल्या," मी म्हटलं. "पाचही जुळल्या."

"असं कसं होईल?"

"का?"

"काका, आमच्या सरांना सांगू नका..." ती इतक्या हळू बोलत होती की मला पुढे वाकावं लागलं. "नववी प्लेट मी बघितलीच नाही. धुताना हातातून निसटली. चुरा झाला. त्याच दिवशी आईला ऑपरेशनला नेत होते. मी तुकडे बाहेरच्या कचऱ्यात टाकले. डब्यात नवव्या खाचेत साधी काच आहे. आकडे मी मनानं लिहिले."

मी डबा उघडला. नवव्या खाचेतली काच दिव्यासमोर धरली. आरपार दिसत होतं. खिडकीची काच कापून बसवलेली.

आमच्या नियमानं बघायला गेलं तर दोघांनी वेगवेगळं बघितलं, एकमेकांना न विचारता. तिच्या पाच, माझ्या पाच, सारख्या पाच. इतकी पक्की प्लेट या विभागात आजवर झाली नव्हती. मी यादी खाली ठेवली. तिला काही तरी धीराचं सांगायला हवं होतं, मोठा माणूस होतो मी. तुझी पहिलीच वेळ आहे, ते आकडे आत्ता खोडून टाक, सरांना जाऊन खरं सांग, आणि वर्ष गेलं तर जाऊ दे, असं मी म्हणणार होतो.

"मग आपण दोघांनी हे बघितलं कुठे?" तिनं विचारलं.

ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती, डोळे पाण्यानं भरलेले, उत्तराची वाट बघत. आणि तिची पेन्सिल पुढ्यातल्या कोऱ्या कागदावर चालत होती. मी खाली पाहिलं. तिनं पाहिलं नाही. तीन आकडे लिहून झाले होते, चौथा चालू होता. वर 'प्लेट तेरा' असं लिहिलं होतं. तिच्याकडे प्लेटा बाराच होत्या.